मोटारवेड्यांची यात्रा : मानहाइम ते गोथेनबर्ग

मोटारीचे वेड हा संसर्गजन्य विकार असता, तर आमच्या व्यवसायात त्याची साथ फार पूर्वीच जाहीर करावी लागली असती. आपल्या मंडळाच्या कोणत्याही स्नेहसंमेलनात पंगतीतील गप्पा पहिल्या दहा मिनिटांत रुग्णांवरून नव्या गाडीवर घसरतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. अश्वशक्ती किती, शून्यापासून शंभराचा वेग किती सेकंदांत गाठते, एक्सप्रेस हायवेवर अहमदाबाद किती मिनिटांत आले, हे विषय शल्यविशारदांपासून त्वचारोगतज्ज्ञांपर्यंत सर्वांना सारखेच प्रिय आहेत. अलीकडे मुलाबाळांकडे वा भाचे-पुतण्यांकडे युरोपात जाणाऱ्या सदस्यांची संख्या वाढल्यामुळे या गप्पांत एका प्रश्नाची भर पडली आहे : तिकडे गेल्यावर मोटारीच्या शौकिनाने पाहावे तरी काय? यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादकांनी हाच प्रश्न माझ्याकडे सोपविला आणि मी तो आनंदाने स्वीकारला.

इटलीतील मारानेल्लो येथील फेरारीचे संग्रहालय, फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांच्या शर्यतीची भूमी, जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग ही स्थाने सर्वांना ठाऊक आहेत. त्यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून ती मी मुद्दाम बाजूला ठेवतो. मोटार धावायला कशी शिकली ही कथा सर्वत्र सांगितली जाते. मी बालरोगतज्ज्ञ असल्यामुळे असेल, परंतु मला तिच्या इतिहासातील दुसरी कथा अधिक मोलाची वाटते. ती थांबायला कशी शिकली आणि थांबताना आत बसलेल्या माणसाला कसे सांभाळू लागली, याची ती कथा आहे. या दृष्टीने पाहता नैर्ऋत्य जर्मनीतील दोन-तीन गावे आणि स्वीडनमधील एक शहर एवढी यात्रा पुरेशी आहे.

आरंभ मानहाइमपासून करावा. फ्रँकफुर्टहून आगगाडीने पाऊण तासाच्या आत हे शहर येते. येथे कार्ल बेंझ यांनी आपली तीन चाकांची गाडी घडविली आणि २९ जानेवारी १८८६ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. एकच सिलिंडर, एक अश्वशक्तीहूनही कमी बळ आणि ताशी सुमारे सोळा किलोमीटर वेग, म्हणजे आपल्या मांडवीच्या गर्दीतली रिक्षाही तिला मागे टाकील. मूळ गाडी म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे. परंतु गाडी बनली म्हणून ती विकली गेली असे झाले नाही. लोक तिच्याकडे संशयाने पाहत होते आणि स्वतः बेंझ स्वभावाने सावध होते. तिला जगासमोर आणले ते त्यांच्या पत्नीने.

ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे बेर्था बेंझ यांनी पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि त्याच्याहून लहान रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेतले, पतीला न सांगता गाडी बाहेर काढली आणि फोर्झहाइम या आपल्या माहेरगावाची वाट धरली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. जगातील पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास हा असा एका आईने मुलांना घेऊन माहेरी जाण्याचा प्रवास होता! याच बाईंनी लग्नापूर्वी आपल्या हुंड्याची रक्कम कार्लच्या उद्योगात घातली होती, हेही येथे नोंदवून ठेवतो.

त्या वाटेला २००८ साली ‘बेर्था बेंझ स्मृतिमार्ग’ अशी मान्यता मिळाली. जाण्याची वाट एक आणि परतण्याची दुसरी, अशी मिळून ती १९४ किलोमीटर भरते आणि वाटेत खुणेच्या पाट्या आहेत. ही वाट महामार्गाची नाही. द्राक्षमळे, गिरण्या, चर्चचे मनोरे, आणि गावागावांतून वळणारा अरुंद रस्ता. घाई नसलेल्या माणसाने एक पूर्ण दिवस जाण्यास आणि एक परतण्यास ठेवावा.

डॉक्टर मंडळींनी वीसलोख या गावी अवश्य थांबावे. इंजिनासाठी लिग्रोइन नावाचे द्रव लागे. त्या काळी ते डाग काढण्यासाठी वापरीत आणि औषधाच्या दुकानात मिळे. इंधन संपत आले तेव्हा बेर्था बेंझ गावातील ‘श्टाट-आपोथेके’ या औषधालयात गेल्या आणि विली ओकेल नावाच्या औषधविक्रेत्याकडून त्यांनी ते विकत घेतले. जगातला पहिला पेट्रोलपंप हा असा केमिस्टचे दुकान होता. ती इमारत आजही आहे आणि तिच्यासमोर या घटनेचे स्मारक उभे आहे. आपल्यातील ज्यांचे दवाखाने औषधाच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर आहेत, त्यांना तेथे उभे राहून गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही.

पुढील प्रवासाची हकीकत शस्त्रक्रियागृहातील प्रसंगावधानासारखी आहे. इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनी टोपीच्या लांब पिनेने मोकळी केली. विजेच्या तारेचे आवरण झिजले, तेथे मोज्याचा बंद गुंडाळला. साखळी सैल झाली, ती ब्रुखजालच्या लोहाराने घट्ट करून दिली. तापलेल्या इंजिनातील पाणी वाफ होऊन उडून जाई, म्हणून जागोजागी पाणी भरावे लागे. चढावर मुलांनी गाडी ढकलली. आणि उतारावर खरा प्रश्न उभा राहिला. लाकडी ठोकळ्यांचे ब्रेक झिजू लागले, गाडी आवरेना. फोर्झहाइमच्या अलीकडील बाउश्लोट या गावी बेर्था बेंझ यांनी एका चर्मकाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडे बसवून घेतले. आज आपण ज्याला ब्रेकचे लायनिंग म्हणतो त्याचा उगम तो. मोटारीच्या इतिहासातील पहिली सुरक्षेची सुधारणा ही अशी, मुले बरोबर असलेल्या आईने, उतारावर, एका चांभाराच्या दुकानात करून घेतली. बाउश्लोटला पाहण्यासारखे फार काही नाही. तरीही मी तेथे गाडीतून उतरून बराच वेळ चाललो.

मानहाइमजवळ नेकर नदीकाठी लाडेनबुर्ग नावाचे देखणे जुने गाव लागते. बेंझ दांपत्याचे उत्तरायुष्य येथे गेले. बेर्था बेंझ १९४४ मध्ये, पंचाण्णवावा वाढदिवस होऊन दोन दिवसांनी, येथेच निवर्तल्या. कुटुंबाच्या जुन्या कारखान्यात आता कार्ल बेंझ यांच्या नावाचे मोटार-संग्रहालय आहे. ते आठवड्यातील मोजक्याच दिवशी उघडे असते, तेव्हा वेळ आधी पाहून जावे.

तेथून स्टुटगार्ट. या शहरात प्रथम बाड कानश्टाटच्या उद्यानातील एक लहानसे काचगृह पाहावे. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८२ पासून येथे गुपचूप प्रयोग केले. आवाज इतके विचित्र येत की, हे लोक खोटी नाणी पाडतात असा माळ्याला संशय आला आणि त्याने पोलिसांना कळविले. पोलिसांनी झडती घेतली, तेव्हा हाती लागली ती केवळ यंत्रे. डाइमलर आणि बेंझ यांच्या कंपन्या १९२६ मध्ये एक झाल्या आणि त्यांचे भव्य संग्रहालय उंटरट्युर्कहाइम या उपनगरात २००६ पासून उभे आहे.

ही इमारत बेन व्हान बेर्केल यांच्या संस्थेने रचली आणि तिची कल्पना डीएनएच्या दुहेरी सर्पिलावरून घेतली आहे. उद्वाहनाने थेट सर्वांत वर जायचे आणि एकमेकांत गुंफलेल्या दोन उतारांवरून हिंडत खाली यायचे. वर पहिले दर्शन होते ते एका पांढऱ्या घोड्याचे! सुमारे १६० वाहने नऊ पातळ्यांवर मांडली आहेत. वैभवशाली गाड्यांसमोर छायाचित्रे काढणाऱ्यांची झुंबड असते. वाचकांना माझी विनंती अशी की, सुरक्षा आणि पर्यावरण या विषयाला वाहिलेल्या पाचव्या दालनासाठी आपल्या पायांत थोडी शक्ती राखून ठेवावी.

त्या दालनाचा नायक बेला बारेन्यी. १९०७ साली ऑस्ट्रियात जन्मलेल्या या अभियंत्याच्या नावावर अडीच हजारांहून अधिक पेटंटे आहेत. त्याच्या काळापर्यंत सर्वांची समजूत अशी की, गाडी जितकी दणकट तितकी सुरक्षित. आजही आपल्या वडीलधाऱ्यांकडून ‘आमची जुनी अँबॅसिडर बघा, ठोकली तरी पोचा पडत नसे’ असे कौतुक ऐकू येते. बारेन्यीने हा विचार उलटा केला. पोचा पडला नाही, म्हणजे आघाताची सगळी ऊर्जा आतल्या माणसाच्या शरीरात गेली. म्हणून गाडीचा पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चुरगळणारा करावा आणि मधली, माणसे बसण्याची पेटी मात्र अभेद्य ठेवावी. हे पेटंट त्याला १९५२ मध्ये मिळाले. १९५९ मध्ये या तत्त्वावर घडलेली पहिली मोटार रस्त्यावर आली आणि त्याच वर्षी झिंडेलफिंगेन येथे कंपनीने मोटारी मुद्दाम आदळून पाहण्याच्या चाचण्या सुरू केल्या.

यातील विज्ञान साधे आहे. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणे होय. पडणाऱ्याचा वेग शून्यावर आणायचाच आहे. प्रश्न एवढाच की, तो किती अंतरात आणायचा. अंतर दुप्पट केले की बल निम्मे होते. पुढचा भाग चुरगळतो तेव्हा ते अर्धा-पाऊण मीटरचे अंतर मिळते. ते आतल्या माणसाच्या उपयोगी पडायचे असेल, तर त्याला गाडीशी बांधलेले असावे लागते. न बांधलेला माणूस गाडी थांबल्यावरही पन्नासच्याच वेगाने पुढे जातो आणि त्याच्या वाट्याला ते अंतर येत नाही.

झुफेनहाउझेन येथील पोर्शे संग्रहालय २००९ मध्ये उघडले. तीन खांबांवर तोललेली पांढरी इमारत आणि १९४८ ची पहिली ३५६ पाहण्यासाठी अर्धा दिवस द्यावा. वेगाच्या उपासकांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. ही दोन्ही मोठी संग्रहालये सोमवारी बंद असतात.

स्टुटगार्टजवळ माझा भाचा नोकरीनिमित्त राहतो. त्याच्या गाडीतून आम्ही हिंडत होतो. त्याची चौदा महिन्यांची मुलगी मागील आसनावर, प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून बसविलेल्या बाळ-आसनात बांधलेली होती. ती रडू लागली तेव्हा माझ्या पत्नीने सवयीने हात पुढे केले, “दे रे तिला माझ्याकडे, मांडीवर घेते.” भाच्याने आरशातून पाहत सांगितले, “मामी, पुढच्या वळणावर गाडी थांबवतो, मग घ्या. चालत्या गाडीत नको.” तो थांबला, पोर शांत झाली, पुन्हा बांधली गेली आणि मग गाडी हलली. पत्नीला तो पोरकट हट्ट वाटला. मला मात्र आपल्याकडील प्रसूतिगृहांच्या दारातले दृश्य आठवले : पेढे वाटून झाले आहेत, गाडी फुलांनी सजली आहे आणि तीन दिवसांचे बाळ पुढच्या आसनावर आजीच्या मांडीवर घरी निघाले आहे.

‘मी घट्ट धरून बसते ना’ हे वाक्य मी माझ्या व्यवसायात असंख्य वेळा ऐकले आहे. त्यामागील मायेविषयी शंका नाही, गणिताविषयी आहे. दहा किलोचे मूल, पन्नासचा वेग आणि थांबण्यास साठ सेंटिमीटर अंतर धरले, तर त्या क्षणी सरासरी एकशे साठ किलो वजनाइतक्या ओढीने मूल हातांतून निसटू पाहते. क्षणिक ओढ त्याहून कितीतरी अधिक. मंडळाच्या व्यायामप्रेमी सदस्यांनीही याबाबत आपल्या दंडांवर भिस्त ठेवू नये. शिवाय आईने स्वतः पट्टा लावला नसेल, तर मूल तिच्या आणि समोरील फळीच्या मध्ये सापडते.

पाठमोरेच का बसवायचे, हे शरीररचनेवरून उमगते. नवजात बालकाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, प्रौढाचे एक अष्टमांश. हे जड डोके ज्या मानेवर तोललेले असते तिचे स्नायू दुबळे, अस्थिबंध सैल आणि मणक्यांचे भाग अजून कूर्चेने जोडलेले असतात. पुढे तोंड करून बसलेल्या बालकाचे धड पट्ट्याने अडते, डोके मात्र पुढे झेपावते आणि सगळा ताण मानेच्या वरच्या मणक्यांवर येतो. पाठमोऱ्या आसनात तोच आघात पाठ, मान आणि डोके यांवर एकाच वेळी पसरतो व मान ताणली जात नाही.

हे तत्त्व प्रथम कोठे उमगले, हे जाणण्यासाठी जर्मनी सोडून उत्तरेस स्वीडनला जावे लागते. विमानाने गेल्यास फार दगदग नाही. गोथेनबर्ग हे व्होल्वोचे गाव. तेथील जुने संग्रहालय २०२३ अखेर बंद झाले आणि एप्रिल २०२४ मध्ये शहराच्या मध्यभागी ‘वर्ल्ड ऑफ व्होल्वो’ ही प्रचंड लाकडी खांबांची गोलाकार वास्तू उघडली. आतील मांडणी बदलत असते, म्हणून अमुक गाडी अमुक ठिकाणी दिसेल असे सांगत नाही. पण तेथे जाण्याचे कारण मोटारींहून मोठे आहे.

नील्स बोलिन हा अभियंता पूर्वी साब कंपनीत लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत असे. व्होल्वोत आल्यावर त्याने १९५९ मध्ये तीन बिंदूंचा पट्टा सिद्ध केला : एक पट्टी ओटीपोटाखालील हाडांवर, दुसरी छातीवरून तिरकी आणि दोहोंचा सांधा नितंबाच्या बाजूला. आधीच्या काही पट्ट्यांचे बकल पोटावर येई आणि अपघातात तेच आतड्यांना व यकृताला इजा करी. बोलिनने बलवान हाडांवर भार दिला आणि एका हाताने लावता येईल अशी सोय केली. व्होल्वोने हे पेटंट इतर सर्व उत्पादकांना वापरण्यास खुले ठेवले. औषधांच्या पेटंटांचे वाद जवळून पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना या निर्णयाचे मोल अधिक कळेल.

मात्र हा पट्टा प्रौढांच्या हाडांसाठी आहे. बालकाच्या कटीच्या हाडांचे पुढील उंचवटे दहाव्या वर्षाच्या आसपासपर्यंत पुरेसे वाढलेले नसतात. त्यामुळे खालची पट्टी सरकून मऊ पोटावर चढते आणि आतडे फाटणे, कमरेचा मणका मोडणे अशा इजा होतात. हा प्रश्न सोडविण्यात पुढाकार घेतला तो एका डॉक्टरने! बेर्टिल आल्डमान वैद्यकशास्त्राकडून अपघातशास्त्राकडे वळले आणि गोथेनबर्गच्या चाल्मर्स तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. जेमिनी यानातील अंतराळवीर उड्डाणाचा जोर पाठीवर घेतात, हे पाहून त्यांना पाठमोऱ्या बाल-आसनाची कल्पना सुचली आणि १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत त्याचा पहिला नमुना तपासला गेला. पुढे १९७२ मध्ये कंपनीने असे आसन बाजारात आणले आणि त्याच दशकात थोड्या मोठ्या मुलांसाठी पट्टा योग्य जागी बसविणारी उंच बैठकही आली. स्वीडनमध्ये आजही साधारण चार वर्षांपर्यंत मुले पाठमोरी बसतात. युरोपच्या नव्या मानकानुसार किमान पंधरा महिने तरी ते बंधनकारक आहे.

आता बडोद्याकडे वळू. परदेशी जाणे ज्यांना जमणार नाही, त्यांच्यासाठी अहमदाबादजवळ कठवाडा येथे प्राणलाल भोगीलाल यांचा ‘ऑटो वर्ल्ड’ हा जुन्या मोटारींचा संग्रह आहे. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या मोटारींचे जे मोठे प्रदर्शन भरले, ते अनेकांनी पाहिले असेल. संस्थानिकांच्या त्या रोल्स-रॉइस आणि बेंटली पाहताना माझी नजर सवयीने आसनांकडे गेली. उत्कृष्ट चामडे, चांदीची फुलदाणी, पडदे, आणि पट्टा कोठेच नाही. तो अद्याप सुचलाच नव्हता. आपल्याला ती सबब उरलेली नाही.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने वा बाल-आसनाने सुरक्षित नसल्यास हजार रुपये दंड आहे. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचण्यांत प्रौढ आणि बालक यांना स्वतंत्र तारे दिले जातात. गाडी घेताना दुसरा आकडाही विचारावा. मागील आसनाच्या सांध्यात आयसोफिक्सचे लोखंडी कडे आहेत ना, ते हात घालून पाहावे. नवजात बालकासाठीचे आसन पाळण्याआधी खरेदी करावे आणि प्रसूतिगृहात येताना बरोबर आणावे. आपल्यातील स्त्रीरोगतज्ज्ञांनी सातव्या महिन्याच्या तपासणीतच ते सांगितले, तर मला शेवटच्या दिवशी दारात उभे राहून सांगावे लागणार नाही. पाठमोरे आसन पुढच्या सीटवर, चालू असलेल्या एअरबॅगसमोर, कधीही ठेवू नये. एअरबॅग उघडताना ती थेट आसनाच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे, आदळते. पट्टा इतका घट्ट असावा की खांद्याजवळ त्याची चुणी चिमटीत येऊ नये आणि जाड स्वेटर आधी काढावा.

जर्मनीत भाड्याची गाडी घेणाऱ्यांसाठी दोन सूचना. आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा आणि तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे आहे, हे पहिल्या चौकात विसरू नये. बारा वर्षांखालील आणि दीडशे सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलाला तेथे बाल-आसन सक्तीचे आहे. नातवंडे बरोबर असतील, तर गाडी आरक्षित करतानाच त्यांचे वय, वजन आणि उंची कळवावी. आयत्या वेळी योग्य मापाचे आसन मिळेलच असे नाही.